पायातली शीर कोण काढतं?

बायपास म्हटलं की आपल्याला उघडलेली छाती आठवते. पण त्याच वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पायाचंही काम चालू असतं. घोट्याकडून मांडीपर्यंत जाणारी लांब शीर अलगद सोडवायची, तिला फुटलेल्या बारीक फांद्या एकेक करून बांधायच्या, सिरिंजने सलाइन भरून ती कुठे गळत नाही ना हे पाहायचं. शिवाय या शिरेत रक्त मागे फिरू नये म्हणून झडपा असतात, त्यामुळे हृदयावर जोडताना ती उलटी फिरवून लावतात. तशी फिरवली नाही तर झडपाच रक्त अडवतील.

हे काम करणारा अनेकदा एमबीबीएस नसतो. तो असतो फिजिशियन असिस्टंट, म्हणजे हॉस्पिटलच्या भाषेत ‘पीए’. (आपल्याकडे पीए म्हणजे साहेबांची भेट मिळवून देणारा, त्याच्याशी याचा संबंध नाही.)

भारतात हा पेशा सुरू झाला चेन्नईत. 1975 साली पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात देशातली पहिली बायपास करणारे डॉ. के. एम. चेरियन यांनी 1992 साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये याचा अभ्यासक्रम काढला. कल्पना अमेरिकेतली. तिथे 1965 साली ड्यूक विद्यापीठात नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सहायकांना हाताशी धरून ती रुजली होती. शिकाऊ निवासी डॉक्टर काही महिन्यांनी दुसऱ्या विभागात जातो, कोर्स संपला की निघून जातो. पीए मात्र त्याच विभागात वर्षानुवर्षं राहतो आणि सर्जनची पद्धत त्याच्या हातात बसते. माझ्या मते या पेशाचं खरं बळ या टिकून राहण्यात आहे, स्वस्त मनुष्यबळात नाही.

आता हे शिक्षण सरकारी दारातही आलं आहे. तमिळनाडूत बारावी विज्ञानाच्या गुणांवर बीएस्सी फिजिशियन असिस्टंटला प्रवेश मिळतो. त्यासाठी ‘नीट’ परीक्षा लागत नाही. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. चेन्नई सेंट्रल स्टेशनसमोरच्या सरकारी जनरल हॉस्पिटलला जोडलेल्या मद्रास मेडिकल कॉलेजातही हा कोर्स आहे. नोकऱ्या मात्र आजही बहुतेक खासगी रुग्णालयांतच मिळतात.

वॉर्डातला पीए सकाळी राउंडच्या आधीच पोचतो. रात्री ताप आला का, लघवी किती झाली, नळीतून किती रक्त आलं, रिपोर्ट काय म्हणतात हे सगळं केस पेपरवर मांडून ठेवतो. डॉक्टर आले की दोन मिनिटांत सांगतो. त्यांनी ठरवलेलं पुढे सिस्टरपर्यंत आणि नातेवाइकांपर्यंत पोचवतो, डिस्चार्ज कार्डाचा मसुदा करतो. निदान, औषधाचा निर्णय आणि सही डॉक्टरांची.

पीएची आपल्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी गल्लत नको. तिथे आयुर्वेदाचा पदवीधर किंवा नर्स सहा महिन्यांचा कोर्स करून बसते आणि डॉक्टर असतो काही मैलांवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. पीए मात्र डॉक्टरांच्या शेजारी, त्यांच्या देखरेखीखालीच काम करतो.

हे ‘शेजारी’ सुटलं की काय होतं, ते ब्रिटनने पाहिलं. तिथल्या सरकारी सेवेत ‘फिजिशियन असोसिएट’ या नावाने काम करणारे पीए भराभर वाढले आणि समोरचा डॉक्टर नाही हे काही रुग्णांना कळलंच नाही. जुलै 2025 मध्ये डॉ. जिलियन लेंग यांच्या अहवालाने नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करा, निदान न झालेला रुग्ण सरसकट त्यांच्याकडे सोपवू नका, अशी शिफारस केली. आपल्याकडे 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या यादीत ‘असोसिएट’ आणि ‘असिस्टंट’ ही दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत. मला विचाराल तर ‘असिस्टंट’च ठेवावं.

तोवर तुमच्या माणसाला कुठेही भरती केलंत, तर पांढऱ्या कोटावरचं ओळखपत्र वाचा. कळलं नाही तर सरळ विचारा, “तुम्ही डॉक्टर का?” चांगल्या पीएला या प्रश्नाचा राग येत नाही.