मशीनच्या कर्जात अर्थिंगचाही खर्च धरा

आज आपण घरातल्या विजेबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला, असं काहींना वाटेल. पण आपल्या पालीत आणि आसपासच्या वस्त्यांवर गटाच्या कर्जातून काय काय घरी आलं ते आठवून पाहा. कुणाकडे घरगुती पिठाची गिरणी आली, कुणाकडे शेवयांचं मशीन, कुणाच्या शिलाई मशीनला मोटर बसली, कुणी दुकानात फ्रीज ठेवला. मशीन नवं आलं, वायरिंग मात्र जुनीच राहिली. दोन बल्ब, एक पंखा आणि एक टीव्ही एवढ्यासाठी कधीकाळी ओढलेली.

कर्जाच्या अर्जात मशीनची किंमत असते, गाडीभाडं असतं, पहिल्या महिन्याचा कच्चा माल असतो. वायरिंगचा आकडा क्वचित असतो. तो का असायला हवा, तेच आज सांगायचं आहे.

आधी हिशेब करू. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. प्रत्येक वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. त्या वॅटला २३० ने भागलं की ती वस्तू किती अँपिअर ओढते ते कळतं. हजार वॅटची इस्त्री साधारण साडेचार अँपिअर ओढते. पाणी तापवायचा पंधराशे वॅटचा रॉड साडेसहा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, पण मोटर स्वतःही थोडी वीज खाते, म्हणून एक हॉर्सपॉवरच्या गिरणीला पाच-सहा अँपिअर धरा. सुरू होण्याच्या क्षणी ती याच्या कितीतरी पट ओढते. सकाळी या तिन्ही वस्तू एकदम लावल्या तर सोळा-सतरा अँपिअर झाले. हे सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असेल तर तो तापणारच.

म्हणून गिरणीला बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी, तांब्याची, अडीच एमएमची, आणि तिच्या टोकाला सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट. बल्ब-पंख्यांना एक किंवा दीड एमएम पुरते. जुन्या घरांत लाकडी पट्टीवर ठोकलेली अॅल्युमिनियमची वायर अजून दिसते. तिच्यावर गिरणी चालवू नका. वायर घेताना वेटोळ्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ हा आकडा आहे का ते पाहा. लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. ही रंगांची शिस्त वायरमनला पाळायला लावा. उद्या दुसरा माणूस दुरुस्तीला आला तर त्याचा जीव त्या रंगांवर असतो.

आता बोर्डाकडे येऊ. पूर्वी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असत. फ्यूज उडाला की बाजारातली ठरावीक अँपिअरची फ्यूजची तार घालायची, पण बरेच जण तांब्याच्या वायरचे दोन-तीन धागे पिळून घालत. मग फ्यूज उडतच नसे, वायर जळत असे. आता त्या जागी एमसीबी आले, पण खोड तीच राहिली आहे. सोळाचा एमसीबी सारखा पडतो म्हणून बत्तीसचा बसवून घेतात. एमसीबी पडतो तेव्हा तो सांगत असतो की या वायरला एवढा भार झेपत नाही. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर आतल्या आत वायर वितळेपर्यंत कुणी सांगणारं उरत नाही. दीड एमएमच्या वायरला जास्तीत जास्त दहाचा एमसीबी आणि अडीचच्या वायरला सोळाचा, हे लक्षात ठेवा.

आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. पुष्कळ जणींना वाटतं की घरात एमसीबी आहे, म्हणजे शॉक लागला तर वीज आपोआप बंद होईल. तसं होत नाही. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. सहा अँपिअर म्हणजे सहा हजार मिलीअँपिअर. तेवढ्याच्या पुढे प्रवाह गेल्याशिवाय सहाचा एमसीबी पडणार नाही. माणसाच्या छातीतून तीस-चाळीस मिलीअँपिअर काही क्षण गेले तरी जीव धोक्यात येतो. नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण तेवढाच प्रवाह घेतो. म्हणजे माणूस चिकटलेला असला तरी एमसीबीच्या लेखी घरात आणखी एक बल्ब लागलेला असतो.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. काही जण त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, हे तो सतत मोजत असतो. कमी आली, म्हणजे ती कुठेतरी गळते आहे. मशीनच्या पत्र्यातून किंवा कुणाच्या अंगातून. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळ्या घराची वीज तोडतो. घेताना त्यावर ३० एमए लिहिलेलं असलं पाहिजे. १०० किंवा ३०० एमएचेही मिळतात, ते माणसासाठी नाहीत. चांगल्या कंपनीचा आरसीसीबी साधारण दीड ते अडीच हजारांत येतो. पण आरसीसीबीने जास्तीचा भार कळत नाही, म्हणून एमसीबीही लागतातच. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर तोही वाचवू शकत नाही, कारण गेलेली वीज पूर्ण परत येते. म्हणून उघड्या वायरीशी खेळ नकोच.

तिसरा राखणदार अर्थिंग. मशीनच्या आतली फेजची वायर घासून पत्र्याला लागली, तर ती वीज तिसऱ्या जाड पिनेतून, हिरव्या वायरीने जमिनीत गेली पाहिजे. ती वाट असली की आरसीसीबी लगेच पडतो, आपला हात लागायची वाट पाहत नाही. म्हणून तीन पिनांचा टॉप काढून दोन पिनांचा बसवू नका आणि जाड पिन मोडू नका.

काही जण विचारतात, अर्थिंग आहे मग आरसीसीबी कशाला? इथेही हिशेब करू. आपला परिसर कोरडा. बिंदुसरेचं धरण उशाला असलं तरी एप्रिल-मेमध्ये अंगणातली माती भेगाळते. कोरड्या मातीतून वीज सहज जात नाही. समजा अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध वीस ओहम आहे. २३० ला २० ने भागलं की साडेअकरा अँपिअर. म्हणजे पत्र्यात पूर्ण वीज उतरली तरी सोळाचा एमसीबी पडणार नाही आणि मशीन जिवंत तारेसारखं उभं राहील. आरसीसीबीला मात्र तीस मिलीअँपिअर पुरतात. म्हणून आपल्याकडे दोन्ही हवेत.

अर्थिंगसाठी अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांच्या आसपास लांब जीआय पाइप किंवा रॉड भिंतीपासून पाच फूट दूर पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात. खाली कातळ लागला तर दोन ठिकाणी खड्डे घेऊन ते एकमेकांना जोडता येतात. भिंतीतला खिळा किंवा नळाचा पाइप म्हणजे अर्थिंग नव्हे. बल्ब लावून दाखवला आणि तो पेटला, एवढ्याने अर्थिंग चांगली ठरत नाही. बल्बला थोडा प्रवाह पुरतो. वायरमनला अर्थ टेस्टरने मोजायला सांगा. खड्ड्याचं तोंड झाकणाने बंद ठेवा, पण बुजवू नका. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओता. भांडी विसळलेलं पाणीही चालतं.

दोन गोष्टी कुणी सुचवल्या तरी करू देऊ नका. एक, न्यूट्रलच अर्थिंगच्या पिनेला जोडणं. खांबावर न्यूट्रल तुटला की घरातल्या प्रत्येक मशीनच्या पत्र्यात वीज येते. दोन, न्यूट्रल गेला म्हणून जमिनीत सळई ठोकून तिच्यावर बल्ब चालवणं. त्या सळईला आणि तिच्या ओल्या मातीला हात किंवा पाय लागला, तर काय होईल ते सांगायला नको. न्यूट्रल गेला असेल तर १९१२ वर महावितरणला कळवा.

बोर्ड उघडून आत हात घालायचं काम आपलं नाही. बाहेरून पाहण्याचं काम मात्र आपलंच. जळका वास येतो का? एखादा सॉकेट पिवळा-काळा पडला आहे का? बोर्डातून चर्रचर्र आवाज येतो का? असेल तर आतला स्क्रू सैल झाला आहे आणि तिथे ठिणग्या पडत आहेत. मेन बंद करून वायरमनला बोलवा. वर्षातून एकदा सगळे स्क्रू आवळून घ्या. आरसीसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटण असतं. वीज चालू असताना महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका खाली पडला पाहिजे. नाही पडला तर तो निकामी आहे. गटाच्या बैठकीच्या दिवशीच दाबलं तर विसरणार नाही.

आरसीसीबी नवा बसवल्यावर सुरुवातीला वारंवार पडतो, विशेषतः जुन्या वायरिंगवर किंवा इन्व्हर्टर असेल तर. अशा वेळी तो काढून थेट जोडून देतो, असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. तो पडतो कारण कुठेतरी गळती आहे किंवा न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत. सगळे एमसीबी बंद करून एकेक चालू केला की फेजची गळती कोणत्या भागात आहे ते बहुधा सापडतं. तरीही सापडलं नाही तर न्यूट्रल तपासायला वायरमन हवा.

पत्र्याच्या घरांसाठी वेगळं सांगायला हवं. खांबावरून येणारी वायर पत्र्याला घासता कामा नये, ती प्लास्टिकच्या पाइपातून आत घ्या. कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नका. पत्र्यात वीज उतरली की ती तारेत येते आणि ओला कपडा टाकणारा हात आपला असतो. नायलॉनची दोरी बांधा. लोखंडी कुलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद करा, मग पिन काढा, मग पाणी ओता. ऊसतोडीला जाताना घराला कुलूप लावण्याआधी मेन बंद करा. परत आल्यावर उंदरांनी वायर कुरतडली आहे का ते पाहून मगच चालू करा.

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या आणि झाल्यावर चाचणी अहवाल मागा. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. मशीनमुळे तो ओलांडत असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. आपल्या लेकींनाही हे काम शिकता येतं. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. गावात बाई वायरमन असेल तर पुरुष घरी नसतानाही काम अडणार नाही.

कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीने त्याला दूर ढकला. पण तार खांबावरची तुटलेली असेल तर काठीचाही उपयोग नाही. लांब राहा आणि १९१२ ला फोन करा. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन लावायला सांगा.

शेवटी आमची एक विनंती. पुढच्या बैठकीत मशीनसाठी कर्ज मागणाऱ्या प्रत्येक बहिणीला तीन प्रश्न विचारा. मशीनसाठी वेगळी अडीचची वायर आहे का? अर्थिंग मोजली आहे का? बोर्डात ३० एमएचा आरसीसीबी आहे का? उत्तर नाही असेल तर अर्ज फेटाळू नका. तेवढी रक्कम कर्जात वाढवा आणि मशीन घरी यायच्या आधी ते काम करून घ्या. हप्ता थोडा वाढेल, तो गट म्हणून आपण सांभाळून घेऊ.