जखमीला न्यायचे कुठे? ट्रॉमा यंत्रणेचा खरा प्रश्न

कोल्हापूर - समजा, गगनबावड्याच्या घाटात मध्यरात्री मोटार उलटली. जखमीला वरकरणी फारसे लागलेले नाही. पण पोटात रक्तस्राव सुरू आहे. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर) तेथून सुमारे ५५ किलोमीटरवर. वाटेतल्या छोट्या दवाखान्यात थांबायचे, की थेट शहर गाठायचे? हा निर्णय घाबरलेल्या नातेवाइकांवर सोडलेला असतो, की आधीच ठरलेला असतो, यावर त्या भागात ट्रॉमा यंत्रणा आहे की नाही, हे ठरते. इमारत हा त्यातला तुलनेने सोपा भाग.

ही जाण जगातही उशिराच आली. अमेरिकेत १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने अपघाती दुखापतींना आधुनिक समाजाचा दुर्लक्षित आजार ठरविले. रणभूमीवरील जखमी सैनिकाची जगण्याची शक्यता शहरातील रस्त्यावरच्या जखमीपेक्षा अधिक, हे त्यातील निरीक्षण झोंबणारे होते. पुढे बाल्टिमोरचे शल्यविशारद डॉ. आर. ॲडम्स काउली यांनी मेरीलँड राज्यात पोलिसांच्या हेलिकॉप्टरसह जाळे उभारले. 'गोल्डन अवर' ही कल्पना त्यांचीच. मात्र, फळ लगेच मिळत नाही. यंत्रणा सुरू झाल्यावर रस्ता अपघातांतील मृत्यू घटू लागण्यास सुमारे दहा वर्षे लागतात, असे २००० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसून आले. पाच वर्षांच्या राजकारणाला हे गणित मानवणारे नाही!

इंग्लंडमध्ये २००७ च्या पाहणीत गंभीर जखमींपैकी निम्म्याहून अधिक जणांवरील उपचार अपेक्षित दर्जाचे नसल्याचे आढळले. २०१० मध्ये लंडनमध्ये आणि २०१२ मध्ये उर्वरित इंग्लंडमध्ये जाळे उभे राहिले. गंभीर जखमीला जवळचे रुग्णालय ओलांडून थेट मोठ्या केंद्रात नेण्याचे निकष ठरले. उपचारांच्या नोंदी पाठविणाऱ्या रुग्णालयांनाच वाढीव मोबदला देण्याची पद्धतही आली.

भारतात सुरुवात न्यायालयातून झाली. आधी प्राण वाचवा, पोलिसी सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये बजावले. अकराव्या पंचवार्षिक योजनेत सुवर्ण चतुष्कोन महामार्गालगत ट्रॉमा केंद्रे उभारण्याची योजना आली. कोल्हापूरवरून जाणारा पुणे-बंगळूर रस्ता याच महामार्गाचा भाग. २०१४ मध्ये महाराष्ट्रात डॉक्टरसह '१०८' रुग्णवाहिका धावू लागली. मदत करणाऱ्याला २०१९ च्या कायद्याने संरक्षण दिले. मे २०२५ मध्ये अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना अधिसूचित झाली.

तुकडे जमले आहेत. सांधे बाकी आहेत. अपघाताची नोंद पोलिसांकडे, रुग्णवाहिकेची नियंत्रण कक्षात, उपचारांची केसपेपरवर. या तिन्ही नोंदी एका जखमीच्या नावावर जुळल्याशिवाय घाटातून निघालेल्या रुग्णाचा वेळ नेमका कोठे गेला, हे कळणार कसे? सीपीआरकडे जिल्ह्याबरोबरच दक्षिण कोकण व सीमाभागातूनही रुग्ण येतात. रुग्णवाहिका घाटमाथा सोडते तेव्हाच तेथे दूरध्वनी गेला, तर रक्त, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह यांच्या तयारीला तासाभराचा अवधी मिळतो.