पीडीएफ आहे का, सर?

मराठवाड्यात परीक्षेची तयारी म्हणजे प्रश्नसंच, हे क्लाउड यायच्या कितीतरी आधी ठरून गेलं होतं. शाळेत शिष्यवृत्तीचे सराव पेपर, दहावीला ‘२१ अपेक्षित’, पुढे तलाठी आणि पोलीस भरतीचे जाडजूड संच. जालन्यातलं पोरगं एकदा का या रांगेला लागलं की धडा उघडायच्या आधी मागच्या वर्षीचे प्रश्न मागतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. घरात विचारायला कोणी नसलं, शिकवणी परवडत नसली, की परीक्षा नेमकं काय मागते हे सांगणारी तेवढीच एक वस्तू परवडणाऱ्या दरात हाती येते.

२००१ साली एमकेसीएल म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, एमएस-सीआयटी गावोगाव पोचली आणि संगणकाची परीक्षाही याच वाटेनं गेली. सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र लागू लागलं, तसे शिक्षक, ग्रामसेवक, कारकून माउस धरायला शिकले. त्या काळापासून मी जालन्यात संगणक शिकवतो. भारनियमनाचे दिवस होते. इन्व्हर्टर दमला की बॅच उठायची, आणि अंधारात बसून आम्ही तोंडी प्रश्न घ्यायचो : कॉपीची शॉर्टकट की कोणती, एका बाइटमध्ये किती बिट. उत्तर एका शब्दाचं, प्रश्न एका ओळीचा. पाठ केलं की निभावून जायचं. या सवयीनं पुढे क्लाउडच्या परीक्षेत पोरांचा घात केला. अर्थात तारलंही तिनंच.

ॲमेझॉननं एस-थ्री ही साठवणुकीची सेवा मार्च २००६ मध्ये आणि भाड्यानं संगणक देणारी ईसी-टू त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू केली. जालन्यात तेव्हा त्याची कोणाला खबर नव्हती. हा जिल्हा १ मे १९८१ ला औरंगाबादमधून वेगळा झाला आणि उभा राहिला तो लोखंडाच्या रोलिंग मिल, बियाणं आणि मोसंबीच्या जिवावर. महिको कंपनी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच उभी केली. आयटी म्हणजे पुण्याला जाणं, एवढाच आमचा त्या धंद्याशी संबंध. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पुणे, मुंबई आणि चेन्नईत डेटा सेंटर सुरू केली, जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचं मुंबई रिजन आलं, आणि पुण्यात गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांचे फोन सुरू झाले. मुलाखतीत क्लाउड विचारतात, सर. काही कोर्स आहे का? आणि लगेच पुढचं वाक्य : त्याची पीडीएफ आहे का?

पहिल्या पायरीची परीक्षा म्हणजे ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर. मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० २०१९ मध्ये आली, गुगलची डिजिटल लीडर २०२१ मध्ये. आमच्याकडे पहिलीचंच वेड जास्त, कारण जाहिरातींत तेच नाव. ६५ प्रश्न, ९० मिनिटं, १००० पैकी ७०० गुण. ६५ पैकी १५ प्रश्नांचे गुण धरलेच जात नाहीत. ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहिले जातात आणि कोणते ते परीक्षार्थीला कळत नाही. चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत, म्हणून प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध वेडेपणा. तरी नकारात्मक गुणांच्या धाकात वाढलेली पोरं सुरुवातीला सोडून यायची. फी १०० डॉलर, वर कर. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराचा महिन्याचा मोठा हिस्सा त्यात जातो. नापास झालं तर १४ दिवस थांबायचं आणि पुन्हा पूर्ण फी भरायची. एवढे पैसे पणाला लागल्यावर पीडीएफ शोधणाऱ्याला मी फार दोष देत नाही.

पण त्या पीडीएफ म्हणजे बहुतेक डम्प. कोणीतरी परीक्षेतून आठवून किंवा चोरून आणलेले प्रश्न, खाली ठळक अक्षरांत उत्तर, आणि ते उत्तर कोणी दिलं याचा पत्ता नाही. परीक्षेचा करार असे प्रश्न वापरायला सरळ मनाई करतो आणि सापडल्यास प्रमाणपत्र काढून घेतलं जातं. नीतीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहारातही डम्प तोट्याचे होते. बदनापूरकडचा एक मुलगा शंभरात नव्वद प्रश्न सोडवून दाखवायचा. मी एका प्रश्नातला फक्त पर्यायांचा क्रम बदलला. तो थांबला, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘सर, उत्तर बरोबर हाय, पण काऊन बरोबर हाय ते नाय माहीत.’’

त्या वाक्यानंतर मी प्रश्नांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. अडचण क्लाउडची नव्हतीच. भाड्यानं वस्तू घेणं, वापराएवढे पैसे देणं, मोसमात जास्त आणि एरवी कमी लागणं, हे मोंढ्यात हमालीचा हिशेब पाहिलेल्या पोराला दहा मिनिटांत कळतं. अडचण होती ती तीन ओळींचं इंग्रजी वाक्य शेवटपर्यंत वाचण्याची. एमएस-सीआयटीत असं वाक्य कधी आलंच नव्हतं. ही परीक्षा इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश अशा बऱ्याच भाषांत देता येते; मराठी त्यात नाही आणि हिंदीही नाही. मात्र ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी परीक्षेत ३० मिनिटं जादा मिळतात. तारीख ठरवण्याआधी आपल्या खात्यातून एकदा अर्ज टाकायचा, बस्स. ९० ची १२० मिनिटं होतात. ही गोष्ट कितीतरी पोरांना परीक्षा देऊन झाल्यावर कळली. माझ्या मते कुठल्याही डम्पपेक्षा या अर्धा तासानं जास्त लोक पास झाले असते.

मग आम्ही एकेक प्रश्न सावकाश घ्यायला लागलो. नमुना म्हणून माझ्याच वहीतला एक. कंपनीला रोज रात्री जुन्या बिलांचा हिशेब चालवायचा आहे. काम मध्येच तुटलं तरी नंतर पुढे नेता येतं. सर्वांत कमी खर्चाचा पर्याय कोणता? पर्याय चार : ऑन-डिमांड, रिझर्व्हड, स्पॉट, डेडिकेटेड होस्ट. निम्मा वर्ग ‘रिझर्व्हड’ म्हणायचा, कारण नोट्समध्ये त्याच्यापुढे ‘स्वस्त’ लिहिलेलं. उत्तर आहे स्पॉट. ॲमेझॉनकडे पडून असलेली क्षमता ९० टक्क्यांपर्यंत सवलतीनं मिळते, पण दोन मिनिटांची सूचना देऊन ती कधीही काढून घेतली जाते. ‘तुटलं तरी चालेल’ हे तीन शब्द सगळं ठरवतात, आणि ते मधल्या ओळीत दडलेले असतात.

इथपर्यंत कुठलाही क्लास सांगेल. आमच्याकडे पुढचा नियम असा झाला की उत्तर आलं तरी प्रश्न संपत नाही. उरलेले तिन्ही पर्याय बरोबर ठरतील असा प्रश्न तुम्ही बदलून दाखवा. काम तीन वर्षं रात्रंदिवस एकसारखं चालणार असेल तर रिझर्व्हड. वापर किती होईल याचा अंदाज नाही, थोड्याच दिवसांचं आहे आणि मध्येच बंद पडून चालणार नाही, तर ऑन-डिमांड. जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना ठरावीक यंत्राच्या प्रोसेसरशी बांधलेला असेल तर डेडिकेटेड होस्ट. एका प्रश्नाचे चार झाले. वेळ फार जायचा, पोरं कंटाळायची, काही जण सोडूनही गेली. जी टिकली त्यांना क्लाउडवॉच आणि क्लाउडट्रेल यांच्यात पुन्हा गोंधळ झाला नाही. यंत्रणेची तब्येत पाहणारं पहिलं. कोणत्या खात्यातून कोणी काय केलं याची नोंद ठेवणारं दुसरं.

२०२० च्या टाळेबंदीनंतर घरून परीक्षा द्यायची सोय सरसकट वापरात आली. मोठ्या शहरातलं केंद्र गाठायचा खर्च वाचला, पण घर कुठून आणायचं? कॅमेऱ्यापुढे एकट्यानं बसायचं, टेबलावर कागदाचा तुकडा नको, खोलीत दुसरं माणूस आलं तर परीक्षा रद्द. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथे आजीला दीड तास ओसरीवर बसवून ठेवणं हाच मोठा पेपर. आणि एक नियम आमच्या पोरांना फारच जड गेला : प्रश्न ओठ हलवून वाचायचा नाही. इंग्रजी वाचताना पुटपुटायची सवय असते. पलीकडच्या प्रॉक्टरला, म्हणजे पर्यवेक्षकाला, वाटतं, हा कोणाशी तरी बोलतोय. ताकीद येते, घाम फुटतो, वाचलेलं विसरतं. त्यानंतर सराव करताना मी तोंडात बडीशेप धरून बसायला सांगू लागलो. पोरं हसली, पण सवय मोडली.

डम्पचा बाजार मात्र कोणाच्या उपदेशानं बसला नाही. तो बसला तो सेवांची नावंच बदलत गेल्यामुळे. ॲमेझॉनची इलॅस्टिकसर्च सेवा २०२१ मध्ये ओपनसर्च झाली. सिंगल साइन-ऑनचं २०२२ मध्ये आयएएम आयडेंटिटी सेंटर झालं. ॲमेझॉन सांगतं त्या चांगल्या रचनेचे खांब किती, याला जुन्या संचात उत्तर पाच. डिसेंबर २०२१ मध्ये शाश्वततेचा सहावा खांब आला आणि पाठ केलेलं बरोबर उत्तर चुकीचं ठरलं. सगळ्यात गंमत स्नोमोबाइलची. १०० पेटाबाइट माहिती वाहून नेणारा तो भला मोठा कंटेनर ट्रक २०१६ मध्ये गाजावाजा करून व्यासपीठावर आणला होता. ट्रकांच्या गावातल्या पोरांना तो प्रश्न इतका आवडायचा की तो कोणीच चुकवत नसे. ॲमेझॉननं ती सेवा २०२४ पर्यंत गुंडाळली. जुन्या पीडीएफमध्ये ट्रक अजून धावतोय.

परीक्षाही बदलली. १८ सप्टेंबर २०२३ हा जुन्या सीएलएफ-सी०१ चा शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवसापासून सीएलएफ-सी०२. सुरक्षेच्या भागाचं वजन २५ वरून ३० टक्क्यांवर गेलं, बिल आणि दरांचं १६ वरून १२ वर आलं. आमच्या पोरांचे हक्काचे गुण बिलात होते, ते घटले. सुरक्षेत सगळ्यांत जास्त विचारलं जातं ते वाटून घेतलेल्या जबाबदारीबद्दल, आणि तिथे मला पुस्तकापेक्षा वखार महामंडळाचं गोदाम उपयोगी पडलं. छप्पर, भिंती, पहारा, आग विझवायची सोय गोदामवाल्याची. पोत्यात काय भरलं, ओलं का सुकं, आणि पावती कोणाच्या हाती दिली, हे शेतकऱ्याचं. ॲमेझॉन इमारत, यंत्रं आणि त्यांच्यामधलं जाळं सांभाळतं. माहिती, पासवर्ड आणि कोणाला कुठली परवानगी द्यायची हे आपण. भाड्यानं घेतलेल्या ईसी-टू यंत्रावरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे पॅच कोणी टाकायचे, हा त्यातला नेहमीचा सापळा. ते काम आपलंच. आरडीएससारख्या तयार डेटाबेस सेवेत मात्र ते ॲमेझॉन करतं. गोदामाची उपमा इथे तुटते, आणि ती कुठे तुटते हे सांगितल्याशिवाय वापरू नये.

याच काळात अधिकृत सराव प्रश्नही फुकट मिळू लागले. ॲमेझॉनच्या स्किल बिल्डरवर २० प्रश्नांचा संच आहे, प्रत्येक पर्याय का बरोबर किंवा का चूक याच्या खुलाशासह. २० च? म्हणून पोरं नाक मुरडतात. प्रत्यक्ष हात लावून शिकणं अजूनही अवघड. मोफत खातं उघडायला कार्ड लागतं, आणि बापाचं कार्ड परदेशी कंपनीच्या पानावर टाकायला घरात कोणी तयार नसतं. त्यांची भीती मला अनाठायी वाटत नाही; सेवा बंद करायची राहिली तर बिल येऊ शकतं. मी बजेटची सूचना लावायला पहिल्याच दिवशी शिकवतो, तरी माझ्याकडच्या बहुतेकांनी ईसी-टूचं बटण माझ्याच पडद्यावर पाहिलं.

२६ फेब्रुवारी २०२४ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड जिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवलं गेलं. त्या वेळी वर्गात नेमका उच्च उपलब्धतेचा भाग चालू होता. मुंबईत तीन वेगवेगळी अव्हेलेबिलिटी झोन, एक पडलं तरी दुसरं चालू, असं फळ्यावर लिहिलेलं. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘सर, ते तिकडं चालूच असंल, आपल्यालाच जाता येत नाय.’’ परीक्षेत याला गुण नाहीत. पण ग्राहकाच्या टोकाची लाइन ॲमेझॉनच्या जबाबदारीत मोडत नाही, हे तिला न शिकवता कळलं होतं. आज ती पुण्यात सपोर्टच्या कामावर आहे. प्रमाणपत्रामुळे नोकरी लागली का? नाही. लेखी चाचणी वेगळी होती, मुलाखत वेगळी. प्रमाणपत्रामुळे मुलाखत घेणाऱ्यानं दोन प्रश्न क्लाउडचे विचारले, आणि तिनं ते पूर्ण ऐकून घेतले. २०२१ च्या भरतीच्या लाटेत नुसत्या प्रमाणपत्रावर बोलावणं यायचं. पुढच्या दोन वर्षांत ती लाट ओसरली, आणि क्लास लावताना ‘नोकरीची हमी’ विचारणाऱ्या पालकांना मी आता सरळ नाही म्हणतो. काही जण तिथूनच उठून जातात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲमेझॉनची एआय प्रॅक्टिशनर ही नवी पायाभूत परीक्षा सगळ्यांसाठी खुली झाली. तिच्यात प्रश्नांचे नेहमीचे प्रकार आहेतच, शिवाय क्रम लावणं आणि जोड्या जुळवणं हेही आहे. जोड्या जुळवा म्हटल्यावर वर्गात टाळ्या पडल्या. चौथीपासूनचा सराव होता. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास उघडायच्या आधी परतूरचा एक जण पायरीवर बसलेला. मी कुलूप काढेपर्यंतही त्याला धीर नव्हता.

‘‘सर, एआयची पीडीएफ आहे का?’’

मी त्याला एआयचा तसाच २० प्रश्नांचा संच दिला, उत्तरांची पानं काढून घेतली, आणि शनिवारी प्रत्येक प्रश्नाचे चार करून आण म्हटलं. त्यानं ८० आणले नाहीत, ३१ आणले. त्यातले नऊ मी पुढच्या बॅचला देतोय.