गोल पत्ते आणि लाखेचा किडा

सावंतवाडीच्या चितार आळीत आंबा, सीताफळ, केळी आणि फणस एकाच दुकानात मिळतात, मग बाहेर उन्हाळा असो की मुसळधार पाऊस! हात लावला की कळतं, अरे, ही तर लाकडाची! आणि किती हलकी! ही पांगाऱ्याची करामत. काटेरी खोडाचा आणि लालभडक फुलांचा पांगारा तुम्ही पाहिला असेल. त्याचं लाकूड घराच्या तुळयांना चालत नाही, पण मऊ आणि हलकं असल्यामुळे खेळणी कोरायला अगदी झकास.

आता मोती तलावाच्या काठाने राजवाड्याकडे चला. हा तलाव १८७४ साली बांधलेला. राजवाड्यात चित्रकार बारीक कुंचल्याने गंजिफा रंगवत बसलेले दिसतील. गंजिफा म्हणजे खेळायचे पत्ते, पण गोल! ही कला जवळजवळ संपत आली होती. इथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला पुन्हा उभं केलं. त्यांचे आपल्यावर खरोखर मोठे उपकार आहेत.

जुन्या पद्धतीत कापडाच्या किंवा कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावत. हो, चिंच खाऊन आपण फेकतो तोच चिंचोका! त्याच्या गरात पाणी धरून ठेवणारी पिष्टमय द्रव्यं असतात. गर शिजवला की ती फुगतात आणि चिकट खळ तयार होते. त्यावर खडूची पूड, मग घोटाई, मग चित्र.

आणि चकाकी? ती एका किड्याची देणगी. लाखेच्या किड्याचं पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. पळस, बोर किंवा कुसुमाच्या कोवळ्या फांदीत ते सोंड खुपसतं, रस पितं आणि अंगातून राळ सोडतं. हवेत ती राळ घट्ट होते. शेजारीशेजारी हजारो किडे असल्यामुळे फांदीवर जाड कवच तयार होतं. मादी एकदा बसली की पुन्हा चालतच नाही. तिचे पायही गळून जातात, आयुष्यभर मुक्काम त्याच राळेच्या खोलीत! हीच राळ म्हणजे लाख. ती तापवली की मऊ होते, गार झाली की टणक. म्हणूनच चरकावर गरागरा फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की नुसत्या घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर पसरते. चूल नको, शेगडी नको!

तर चला, खेळायला बसू. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पानं. एकूण १२०. खेळाडू तिघे, म्हणजे प्रत्येकाला चाळीस! पाच रंगांत दश्शी भारी, तर उरलेल्या पाचांत उलट, एक्का भारी. हे डोक्यात ठेवायचं म्हणजे मेंदूला भलताच व्यायाम. दिवसा खेळायला बसलात तर रामाचा राजा ज्याच्या हातात, त्याने सुरुवात करायची. रात्री बसलात तर कृष्णाचा राजा कोणाकडे आहे ते आधी विचारा.