वेबसाइट आधी घरच्या संगणकावर उभी करा
चावी दुसऱ्याच्या हाती देऊ नका

मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग असोत, मिरजेची तंतुवाद्ये असोत की औरंगाबादचे, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचे, हिमरू कापड असो; हातातला हुन्नर हीच आपल्या अनेक कुटुंबांची खरी पुंजी आहे. पूर्वी गिऱ्हाईक पेठेत येऊन चौकशी करायचे. आज ते आधी मोबाइलवर शोधते आणि जो तिथे दिसतो त्याच्याकडे जाते. त्यामुळे छोट्या व्यापाऱ्यालाही आता आपली वेबसाइट हवीशी वाटू लागली आहे.

मात्र वेबसाइट करून घेण्याची आपली पद्धत धोक्याची आहे. ओळखीच्या कोणाला तरी पैसे दिले जातात. तो काम करून देतो, पण पासवर्ड त्याच्याकडे, फाइली त्याच्याकडे आणि वेबसाइटचे नावही त्याच्याच खात्यावर. भाव बदलला की त्याला फोन करायचा. त्याने गाव सोडले किंवा धंदा बदलला की वेबसाइट बंद पडते आणि नाव मुदत संपून हातचे जाते. दुकान आपले आणि कुलपाची चावी परक्याच्या खिशात, असा हा प्रकार आहे.

यावर उपाय अवघड नाही. घरात किंवा दुकानात साधा विंडोज संगणक असेल आणि बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी मन लावून बसणार असेल, तर संपूर्ण वेबसाइट आधी त्या संगणकावरच तयार करता येते. इंटरनेटवर ती कोणालाही दिसत नाही. मिरजेचा कारागीर तानपुरा आधी कारखान्यात जुळवतो, जवारी काढतो, सूर तपासतो आणि मगच गायकाच्या हाती देतो. वेबसाइटचाही असा कारखाना असतो. त्याला संगणकाच्या भाषेत ‘लोकलहोस्ट’ म्हणतात, म्हणजे आपलाच संगणक.

लागणारे सामान

वेबसाइट चालायला तीन गोष्टी लागतात. पहिली वेब सर्व्हर. हा काउंटरवरचा माणूस समजा; गिऱ्हाईक मागेल ते पान तो आणून देतो. दुसरी डेटाबेस. ही दुकानाची खतावणी. मालाची नावे, भाव, वर्णन सारे तिच्यात. तिसरी पीएचपी ही भाषा. खतावणी वाचून पान लिहून देणारा हा मुनीम.

पीएचपी रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये जाहीर केली. अपाचे नावाचा सर्व्हरही त्याच वर्षीचा. हे सर्व वेगवेगळे जमवत बसायची आता गरज नाही. ‘अपाचे फ्रेंड्स’ या गटाने ते एकत्र बांधून ‘झॅम्प’ नावाने मोफत उपलब्ध केले आहे. त्यावर ‘वर्डप्रेस’ बसवले की पाने लिहिणे, फोटो लावणे ही कामे प्रोग्रामिंग न शिकताही करता येतात. वर्डप्रेस २००३ पासून मोफत मिळते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही साधने त्यांच्या निर्मात्यांनीच सर्वांना वापरायला दिली आहेत, म्हणून ती वापरण्यात कोणाचा हक्क मारला जात नाही. बाजारात मात्र महागड्या थीम व प्लगइनच्या कुलूप तोडलेल्या प्रतीही फुकट मिळतात. त्यांच्यापासून दूर राहावे. परवाना मोडलेल्या मालावर हलाल रोजीची इमारत उभी करणे शोभत नाही. शिवाय अशा प्रतींत चोरवाटा दडवलेल्या असतात आणि त्यातून गिऱ्हाइकांची माहिती पळवली जाते.

उभारणी अशी करावी

१) अपाचे फ्रेंड्सच्या अधिकृत साइटवरूनच विंडोजसाठीचे झॅम्प उतरवून घ्यावे. ते दीडशे एमबीच्या आसपास आहे. बसवताना ‘प्रोग्राम फाइल्स’ची जागा निवडू नये, तिथे विंडोज परवानगीच्या अडचणी आणते. सी ड्राइव्हमध्ये झॅम्पचा जो फोल्डर ते स्वतः सुचवते तोच ठेवावा.

२) झॅम्पचे कंट्रोल पॅनेल उघडून अपाचे आणि मायएसक्यूएल यांच्यापुढील ‘स्टार्ट’ बटणे दाबावीत. दोन्ही नावे हिरवी झाली की काम झाले. आत प्रत्यक्षात मारियाडीबी हा डेटाबेस असतो, पण बटणावर मायएसक्यूएलच लिहिलेले असते. त्यामुळे गोंधळू नये.

३) ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत लोकलहोस्ट टाइप करावे. झॅम्पचे स्वागताचे पान आले म्हणजे सर्व्हर चालू आहे. अपाचे सुरूच होत नसेल, तर बहुधा ८० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे ये-जा करायचे दार, दुसऱ्या प्रोग्रामने अडवलेले असते. अपाचेच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘लिसन ८०’ च्या जागी ‘लिसन ८०८०’ करावे आणि पत्त्यातही लोकलहोस्टपुढे कोलन (:) देऊन ८०८० लिहावे.

४) ‘पीएचपीमायअ‍ॅडमिन’ उघडून नवा डेटाबेस तयार करावा. अक्षरांचा प्रकार विचारला जातो तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावा.

५) वर्डप्रेस उतरवून त्याचा फोल्डर झॅम्पमधील ‘एचटीडॉक्स’ या फोल्डरात ठेवावा आणि त्याला दुकानाचे छोटे नाव इंग्रजी अक्षरांत द्यावे. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, तिरकी रेघ आणि ते नाव लिहिले की मांडणी सुरू होते. डेटाबेसचे नाव वर दिलेले, वापरकर्ता ‘रूट’, पासवर्ड रिकामा आणि होस्ट ‘लोकलहोस्ट’ एवढेच भरायचे. भाषा मराठी निवडता येते.

इतके झाले की वेबसाइट चालू होते. पहिल्यांदा करणाऱ्यालाही एक दुपार पुरे.

मराठी आणि उर्दू मजकूर

आपल्या लोकांची सर्वांत जास्त अडचण इथे होते. छापखान्यातून आणलेला पत्रकाचा मजकूर वेबसाइटवर चिकटवला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. कारण डीटीपीसाठी वापरले जाणारे जुने फाँट युनिकोडमधले नसतात. जुन्या इनपेजमधील उर्दू मजकुराचेही तसेच आहे. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर सरळ नव्याने टाइप करावा. मजकूर बरोबर असूनही डेटाबेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर चौथ्या पायरीतील अक्षरांचा प्रकार चुकला आहे असे समजावे.

उर्दू पानाला दिशा उजवीकडून डावीकडे अशी सांगावी लागते. नस्तालीक वळण हवे असेल तर ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा मोफत फाँट वेबसाइटसोबत द्यावा. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तो असेलच असे नाही.

कारखान्यात काय तपासावे

मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा वाद्याची वेबसाइट करायची तर प्रत्येक वाद्याचे वेगळे पान हवे. पट्टी कोणती, पुरुष गायकासाठी की गायिकेसाठी, भोपळ्याचा घेर किती, लाकूड कोणते, तयार व्हायला किती दिवस लागतात आणि पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे त्यात यावे. पैठणी असो की चपला, गिऱ्हाईक फोनवर जे प्रश्न विचारते तेच पानावर आधी लिहावेत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओला भाग गिऱ्हाइकाला दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणुकीबद्दल कडक इशारा दिला. वेबसाइटवरचा फोटो म्हणजे राशीचा वरचा थर आहे. रंग खुलवून काढलेला फोटो आणि लपवलेला दोष हे ओल्या धान्यासारखेच. म्हणून पान जगाला दाखवण्यापूर्वी घरच्या दोघा-चौघांना वाचायला द्यावे आणि माल समोर ठेवून शब्द न शब्द ताडून पाहावा. या कारखान्याचा मोठा फायदा हाच. चुकीचा भाव गिऱ्हाइकाने पाहण्याआधी आपल्याला सापडतो.

ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबले की पान मोबाइलवर कसे दिसेल ते पाहण्याची सोय मिळते. मात्र लोकलहोस्टवरून ऑर्डरचा ईमेल बाहेर जात नाही. तो बिघाड समजू नये. ती चाचणी वेबसाइट इंटरनेटवर गेल्यावर करावी.

दोन सावधगिऱ्या

पहिली विजेची. आपल्या गावांत वीज कधी जाईल याचा नेम नसतो. डेटाबेस चालू असताना संगणक अचानक बंद पडला तर त्याच्या फाइली बिघडून तो पुन्हा उघडत नाही. काम संपताच कंट्रोल पॅनेलमध्ये ‘स्टॉप’ दाबावे. रोज डेटाबेस ‘एक्सपोर्ट’ करून ती फाइल आणि वेबसाइटचा फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा. दोन्ही हवेत. नुसता फोल्डर म्हणजे खतावणीशिवाय दुकान.

दुसरी सुरक्षेची. झॅम्प हे कामाच्या सोयीसाठी सैल ठेवलेले असते; त्यातल्या डेटाबेसला पासवर्डच नसतो. म्हणून दुकानाचा संगणकच इंटरनेटला जोडून त्यावरून वेबसाइट चालवू नये. कारखान्यालाच शोरूम करू नये.

दुकान उघडताना

तयारी झाली की वेबसाइटचे नाव आणि होस्टिंगची जागा घ्यावी. दोन्ही स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर व मोबाइल क्रमांकावर घ्यावीत. होस्टिंगवर पीएचपीची कोणती आवृत्ती आहे हे विचारावे आणि घरी तीच वापरावी. वेबसाइट हलवण्यासाठी ‘डुप्लिकेटर’सारखे प्लगइन वापरावे. डेटाबेसच्या फाइलमध्ये हाताने पत्ते बदलू नयेत, त्याने थीम व प्लगइनची सेटिंग तुटतात. नव्या जागी पक्का पासवर्ड ठेवावा.

हे सर्व स्वतः करणे जमणार नसेल तर डेव्हलपर अवश्य नेमावा; त्याच्या मेहनतीचा मोबदलाही वेळेवर द्यावा. पण करार लेखी असावा. सूरे बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. कागदावर व्यवहार स्पष्ट असला की भांडणाला जागा उरत नाही, हे शहाणपण इथेही कामी येते. नाव कोणाच्या मालकीचे, फाइली व डेटाबेसची प्रत कधी मिळणार, दुरुस्तीचे पैसे किती, या तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. मिळालेली प्रत आपल्या झॅम्पवर चालवून पाहावी. ती तिथे चालली, तर वेबसाइट खरोखर आपल्या ताब्यात आली.

घरातील शिकलेल्या मुलामुलींना या कामात पुढे करावे. आज ते वडिलांच्या दुकानाची वेबसाइट उभी करतील, उद्या शेजारच्या चार दुकानांची करून चार पैसे मिळवतील. बापजाद्यांनी हातोडी, पटाशी आणि धोटा सांभाळला. नव्या पिढीने त्यांच्या शेजारी हे एक अवजार ठेवावे. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.