शाळेची सायकल आणि मुलांचे हेल्मेट : पालकांसाठी माहिती

पुढच्या इयत्तेची शाळा गावात नसेल, तर अनेक मुलींचे शिक्षण अंतरापाशीच अडते. ही अडचण दूर करण्यासाठी वेगवेगळ्या राज्यांनी सायकलींच्या योजना सुरू केल्या आहेत. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींसाठी मुख्यमंत्री बालिका सायकल योजना सुरू झाली. पश्चिम बंगालमध्ये २०१५ पासून ‘सबुज साथी’ योजनेतून नववी ते बारावीच्या मुला-मुलींना सायकली दिल्या जातात. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमांतर्गत निवडक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते.

सायकलीबरोबर हेल्मेट मात्र सहसा मिळत नाही, आणि कायदाही ते घालायला सांगत नाही. त्यामुळे मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असावे की नसावे, हे घरातच ठरते. तो निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती येथे दिली आहे.

कायदा काय सांगतो?

- चार वर्षांवरील मुले, दुचाकीवर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार मोटारसायकल किंवा स्कूटरवर बसणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येकाने हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. मागे बसलेले मूलही यात येते. पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. नियम मोडल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.
- चार वर्षांपर्यंतची मुले, दुचाकीवर : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ मध्ये केलेली सुधारणा १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको, आणि ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट हवे. या वयासाठी सायकलचे प्रमाणित हेल्मेटही चालते.
- सायकल : पायडल मारून चालवायची साधी सायकल ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नाही. म्हणून ती चालवताना कलम १२९ लागू होत नाही.

म्हणजे वडिलांच्या स्कूटरवर मागे बसलेल्या मुलीला कायद्याने हेल्मेट लागते; तीच मुलगी त्याच रस्त्यावरून एकटी सायकलने निघाली, तर लागत नाही. मागून येणाऱ्या ट्रकच्या दृष्टीने या दोन्हींत काहीच फरक नसतो.

हेल्मेट नेमके काय करते?

सायकलच्या हेल्मेटमध्ये वरचे कवच पातळ असते. खरे काम आतला थर्माकोलसारखा दाट थर करतो. डोके आपटले की हा थर दबतो, थांबण्याचा क्षण किंचित लांबतो आणि कवटी व मेंदूपर्यंत पोहोचणारा धक्का कमी होतो.

‘मूल हळू चालवते, मग हेल्मेट कशाला?’ असे अनेकांना वाटते. पण डोक्याला लागणारा मार फक्त सायकलच्या वेगावर अवलंबून नसतो. दीड मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी साधारण १९ ते २० किलोमीटर असतो. उभ्या सायकलवरून तोल गेला तरी डोके जोरात आपटू शकते, ते यामुळेच.

हेल्मेटची मर्यादाही लक्षात ठेवा. ते हात-पाय किंवा छाती वाचवत नाही आणि भरधाव वाहनाच्या धडकेत पुरेसे ठरेलच असे नाही. मुलाने नीट सायकल चालवण्याला ते पर्याय नाही.

योग्य हेल्मेट कसे निवडावे?

- भुवयांच्या थोडे वर आणि कानांच्या वरून फीत धरून डोक्याचा घेर मोजा. हेल्मेटच्या आत सेंटिमीटरमध्ये माप लिहिलेले असते, त्याच्याशी ते जुळवा.
- ‘वाढत्या अंगाचे’ कपडे चालतात, हेल्मेट नाही. सैल हेल्मेट पडताना सरकते आणि नेमके कपाळ उघडे पडते.
- सायकलच्या हेल्मेटवर ‘ईएन १०७८’ हे मानक लिहिलेले आहे का ते पाहा. अगदी लहान मुलांच्या हेल्मेटसाठी ‘ईएन १०८०’ हे मानक आहे.
- दुचाकीच्या हेल्मेटवर मात्र आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस ४१५१’ हवे. १ जून २०२१ पासून ते सक्तीचे आहे.
- वडिलांचे किंवा काकांचे जुने हेल्मेट सायकल चालवणाऱ्या मुलाला देऊ नका. ते जड असते, लहान डोक्यावर हलते आणि त्यात उकडते.

घालण्याची पद्धत

१. हेल्मेट सपाट बसवा. भुवई आणि हेल्मेटची कड यांत दोन बोटांचे अंतर असावे. मागे सरकवलेले हेल्मेट कपाळ वाचवत नाही.
२. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली एकत्र यावेत आणि कान त्यांच्या बेचक्यात असावा.
३. हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जाईल इतका तो घट्ट लावा.
४. मुलाला मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे, डोक्यावर नव्हे.

उंच बांधलेला अंबाडा किंवा जाड क्लिप असेल तर हेल्मेट नीट बसत नाही. मानेजवळ सैल वेणी घातल्यास अडचण येत नाही.

सायकलवरून उतरल्यावर हेल्मेट काढायला शिकवा. झाडावर चढताना किंवा झोपाळा-घसरगुंडीवर खेळताना ते अडकून पट्ट्याचा गळ्याला फास बसू शकतो. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नका, कारण आतला थर दबलेला असतो.

निघण्यापूर्वी सायकल तपासा

- दोन्ही ब्रेक लागतात का, चाकांत हवा आहे का, घंटी वाजते का?
- सीटवर बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकतात का? मोठी सायकल सावरता येत नाही.
- मागे लाल, पुढे पांढरा आणि पायडलवर परावर्तक आहेत का? संध्याकाळच्या शिकवणीहून परतताना समोरच्याला मूल त्यांच्यामुळेच दिसते.
- ओढणी पाठीमागे गाठ मारून बांधा. चेनला कव्हर बसवून घ्या.
- कॅरिअरवर लहान भावंडाला डबलसीट नेऊ देऊ नका. मागच्या चाकाच्या तारांत पाय अडकून टाच आणि घोट्याला गंभीर जखमा होतात.

मुलाबरोबर शाळेचा रस्ता एकदा स्वतः पाहून या. डाव्या बाजूने चालवणे, वळताना मागे पाहून हात दाखवणे आणि उसाच्या ट्रॉलीच्या किंवा ट्रकच्या अगदी बाजूने न जाणे, या गोष्टी त्या रस्त्यावरच शिकवता येतात.

सायकल धोक्याची वाटते म्हणून अल्पवयीन मुलाच्या हाती स्कूटर देणे हा उपाय नाही. कलम १९९अ नुसार त्यासाठी पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

अपघात झालाच तर

- ११२ किंवा १०८ वर फोन करा. बेशुद्धी, उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा नाका-कानातून रक्त यांपैकी काहीही दिसल्यास मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्या. मानेला मार लागल्याची शंका असल्यास मदत येईपर्यंत त्याला हलवू नका.
- मोटार वाहनामुळे अपघात झाला असेल, तर मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या रोकडरहित उपचार योजनेतून नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. वाहनाची धडक बसलेला सायकलस्वारही यात येतो. मूल आपोआप पडले असेल तर ही योजना लागू होत नाही.
- मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४अ चे संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने कोणी मागे राहू नये.
- महाराष्ट्रात पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. तिची माहिती मुख्याध्यापकांकडे मिळते.

शाळा काय करू शकते?

मुले हेल्मेट न घालण्याचे एक साधे कारण म्हणजे शाळेत पोहोचल्यावर ते ठेवायला जागा नसते. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडा : वर्गाच्या भिंतीवर हेल्मेट टांगायला खुंट्या, आणि सायकल वाटपाच्या दिवशीच हेल्मेट घालण्याचे प्रात्यक्षिक. वर्गातली दहा मुले हेल्मेट घालून येऊ लागली, की अकराव्याला लाज वाटत नाही.