दाभोळ : वाशिष्ठीच्या मुखावरची जुनी बाजारपेठ

दापोलीहून दक्षिणेकडे सुमारे तीस किलोमीटरचा वळणांचा रस्ता उतरला, की वाशिष्ठी जेथे सागराला मिळते तेथे दाभोळ लागते. धक्क्यावर होड्या, वाळत घातलेली जाळी आणि फेरीबोटीची वाट पाहणारी मोजकी वाहने, एवढाच आजचा पसारा. व्यापारी घराण्यातील माणसाने मात्र येथे थोडे थांबावे आणि या गावाच्या जमाखर्चाची जुनी पाने उलगडून पाहावीत.

बहामनी काळात दाभोळ हे दख्खनचे महाद्वार होते. अरबस्तान आणि खुरासानचे घोडे येथे उतरत, तांबे व पारा येई. कापड आणि मिरी बाहेर जाई. १४७०च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी भारतात आला होता. शंभर रुबलांचा एकच घोडा, हेच त्याचे भांडवल. तो चौलला उतरला. जुन्नरच्या अधिकाऱ्याने घोडा हिसकावून घेतला आणि तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. अखेर बिदरला त्याची विक्री झाली. मायदेशी निघताना निकितीन दाभोळलाच गलबतात बसला. मिरी आणि रंग स्वस्त, परंतु जकात जबर आणि समुद्रावर चाचे फार, असा हिशेब त्याने आपल्या वहीत मांडून ठेवला आहे. कोणत्याही पेढीवरच्या माणसाला तो परका वाटू नये! तो घरी पोहोचलाच नाही; वाटेतच त्याचे निधन झाले. वही तेवढी व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन दिली.

१५०८च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने पुत्रवधाच्या सूडाने पेटून दिवेकडे जाताना हे शहर जाळले. त्याचा पुत्र त्याच वर्षी चौलजवळच्या लढाईत पडला होता. दाभोळच्या दुकानदारांचा त्यात काय अपराध? शहर पुन्हा उभे राहिले, आदिलशाहीत नांदले. पुढे सुरत आणि मुंबईकडे माल वळला, १६८६ साली विजापूर पडले, आणि घाटमाथ्यावरचे गिऱ्हाईकच उरले नाही.

त्या वैभवाची खूण म्हणजे धक्क्याजवळची विजापुरी धाटणीची मशीद. मक्केला निघालेली एक शाहजादी येथे अडकून पडली आणि यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने या बांधकामात खर्चिले, अशी आख्यायिका सांगतात. धक्क्यावर मासळीचा व्यवहार चालतो. ज्यांना ते दृश्य नकोसे वाटेल त्यांनी थेट मशिदीकडे वळावे. गावाबाहेर चंडिकादेवीचे गुहामंदिर आहे. आत विजेचा दिवा नाही; समईच्या उजेडात, वाकून गाभाऱ्यात जावे लागते.

दापोली-दाभोळ परिसरातच कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. बौद्धांनी कोरलेल्या या लेण्यांत पुढे शैव, गाणपत्य आणि नाथपंथीयही आले. एका लेण्यातील नाथसिद्धांच्या ओळी निवांत पाहण्यासारख्या आहेत. एवढ्यासाठी अर्धा दिवस वेगळा काढला तरी तो सार्थकी लागेल.

फेरीबोटीने मोटारीसह खाडी ओलांडली की धोपावे, आणि पुढे अंजनवेलचा गोपाळगड. आदिलशाहीत उभारलेला हा किल्ला तुळाजी आंग्रे यांनी जिंकून त्याला हे नाव दिले. जवळच एके काळी एन्रॉनचा असलेला गाजलेला वीजप्रकल्प आहे. जगभर त्याला ‘दाभोळ’ म्हणून ओळखतात, पण तो आहे खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात. नाव दाभोळचे झाले, धूर मात्र येथला!

मुक्कामाला गुहागर सोयीचे. तेथील व्याडेश्वराचे मंदिर आणि समुद्रकिनारा दोन्ही जवळ. कांदा, लसूण, कंदमुळे वर्ज्य असल्याचे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण हवे असल्याचे खाणावळीत आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. सोलकढीतही बहुधा लसूण असते, तेव्हा कोकम सरबत बरे. पावसाळ्यात मात्र जाऊ नये. पूर्वी गलबतेसुद्धा ज्येष्ठात किनाऱ्यावर ओढली जात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच पुन्हा पाण्यात उतरत.